जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवलं, पण गाडी मधूनच बंद पडते आणि दर वेळी वेगळाच कोड येतो

तक्रार साधारण अशी असते. कार्बोरेटरच्या जिप्सी किंगमध्ये एस्टीमचं किंवा नंतरच्या जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, कॉम्प्युटरवर चालणारं) बसवलेलं. गॅरेजमध्ये पहिल्याच सेल्फला चालू झालं, आयडलिंग छान, दोन-चार चकरा मारल्या तेव्हाही काही नाही. मग काही दिवसांनी गाडी सिग्नलला किंवा घाटात मधेच बंद पडते. सेल्फ मारला की परत चालू. चेक इंजिनचा दिवा लागलेला, दोषाचा कोड थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा. सेन्सर बदलला. थोड्या दिवसांनी परत तेच, या वेळी कोड मॅप सेन्सरचा, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणाऱ्याचा. तोही बदलला. मग कूलंट टेंपरेचरचा. शेवटी जुन्या बाजारातून दुसरा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणून लावला जातो, कपलर काढून घातल्यामुळे दोन दिवस बरं चालतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इंजिन बदललेल्या गाड्यांचं वायरिंग हेच माझं काम आहे आणि या तक्रारीत मालकाचे पैसे कसे फुकट जातात ते मी सतत बघतो. तीन वेगवेगळे सेन्सर एकापाठोपाठ एक खराब होत नाहीत. तिघांमध्ये सामाईक काय आहे, ते शोधायचं. सामाईक असतो ईसीएमकडून येणारा ५ व्होल्टचा सप्लाय आणि परत जाणारा अर्थ, म्हणजे मायनसची बाजू. ५ व्होल्ट ईसीएम स्वतः तयार करतो, ते सहसा बिघडत नाहीत. अर्थ मात्र इंजिन बसवणाऱ्याने जोडलेला असतो.

हा प्रश्न याच बदलात इतका का येतो, ते आधी सांगतो. १९८५ ची जिप्सी ९७० सीसीची. १९९६ मध्ये किंग आली, १.३ लिटर, कार्बोरेटरच. २००० मध्ये त्याच घराण्यातलं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन जिप्सीत आलं, ८० हॉर्सपॉवरचं. ब्लॉकचं घराणं एक असल्यामुळे किंगमध्ये लोखंडाचं काम फारसं अवघड नाही, चांगला मिस्त्री ते लवकर उरकतो. पण कार्बोरेटरच्या गाडीला इंजिनाचं वायरिंग असं होतंच किती? कॉइल, सेल्फ, अल्टरनेटर, ऑइलचा दिवा, टेंपरेचरचा काटा आणि कार्बोरेटरची एखादी सोलेनॉइड. त्या गाडीला अर्थमध्ये अर्धा व्होल्ट इकडे-तिकडे झाला तरी फरक पडत नव्हता. एमपीएफआयचा ईसीएम सगळा हिशोब ० ते ५ व्होल्टमध्ये करतो. त्याच्यासाठी अर्धा व्होल्ट म्हणजे चालत्या आणि बंद गाडीतला फरक.

त्यात एस्टीमचं इंजिन मूळ गाडीत आडवं बसतं, जिप्सीत उभं. एस्टीमचा हार्नेस (वायरींचा जुडगा) जसाच्या तसा टाकला की काही फाटे कमी पडतात, काही वीतभर जास्त होतात. मग वायरी कापून जोडल्या जातात. आणि कापाकापीत सगळ्यात आधी बळी जातो तो अर्थच्या वायरींचा, कारण 'अर्थ काय, कुठेही लावला तरी चालतो' असं समजलं जातं.

बीप वाजला म्हणजे अर्थ चांगला नव्हे

नेहमीची तपासणी अशी होते: मल्टिमीटर बीपवर, एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. बीप वाजतो. निकाल: अर्थ ओके. पण बीप वीस-तीस ओहमपर्यंतही वाजतो, मीटरप्रमाणे कमी-जास्त. आपल्याला शोधायचा आहे तो दोष ओहमच्या शंभराव्या भागाचा आहे. अर्थ पट्टीच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग आणि गंज मिळून समजा ०.०१ ओहम रोध झाला. सेल्फ १५० अँपिअर ओढतो तेव्हा तिथे दीड व्होल्ट पडतो. इंजिन चालू असताना तिथून २० अँपिअर गेले तरी ०.२ व्होल्ट. हा ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसणारच नाही, मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोध त्याहून जास्त असतो.

म्हणून वायर काम करत असताना मोजायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, २० किंवा २ व्होल्टच्या रेंजला. इंधन पंपाचा रिले काढून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. लाल प्रोब इंजिनाच्या ब्लॉकवर, स्वच्छ उघड्या धातूवर टोचून. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या खांबावर. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, वर चढवलेल्या टर्मिनलवर नको, कारण कित्येकदा दोष त्या दोघांच्या मध्ये असतो. कोणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आलं तर चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पुढचं काही तपासूच नका, आधी ते दुरुस्त करा. असंच बॅटरीच्या प्लसच्या खांबापासून सेल्फच्या जाड नटापर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.

आता रिले परत लावा, इंजिन चालू करून गरम होऊ द्या. हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन असेल तर तोही, सगळं एकदम चालू करा. ईसीएमच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून अर्थच्या प्रत्येक पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. ०.१ व्होल्टच्या वर कुठलीच पिन जाता कामा नये. मग ईसीएमच्या अर्थपासून थ्रॉटल सेन्सरच्या कपलरमधल्या अर्थच्या वायरीपर्यंत मोजा. तिथे ०.०५ च्या आत हवं. टाचणी वायरीच्या कातड्यात खुपसू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागूनच सरकवा.

या आकड्यांचा अर्थ काय, हे एका गाडीवरून सांगतो. चिपळूणची जिप्सी, तक्रार वर लिहिलेली तीच, सोबत बदललेल्या सेन्सरची पिशवी. आधी कुणीतरी ईसीएमच्या अर्थच्या वायरी कापून एकत्र पिळल्या होत्या आणि डॅशबोर्डच्या आत, फायरवॉलच्या पत्र्यावर एका पत्र्याच्या स्क्रूने आवळल्या होत्या. स्क्रूच्या डोक्याखाली गाडीचा मूळ रंग तसाच. धातूला धातू टेकत होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांवर. सेन्सरचे अर्थ मात्र, वायर कमी पडली म्हणून, इंजिनाच्या हेडवर एका बोल्टखाली घातले होते. म्हणजे ईसीएमचं शून्य फायरवॉलवर आणि सेन्सरचं शून्य इंजिनावर. लाइट बंद असताना दोन्हींत ०.०४ व्होल्टचा फरक. हेडलाइट लावल्या, ०.२१. ब्लोअर आणि फॅन मिळून ०.३८. त्याच वेळी थ्रॉटल सेन्सरचा आयडलचा सिग्नल ०.८२ वरून ०.५० वर घसरला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हताच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळेच वेगवेगळे कोड येतात. बॅटरीचं मायनस बॉडीवर आणि तिथून पट्टी इंजिनाला, अशी जोडणी असेल तर सेल्फ मारताना करंट ब्लॉकमधून बॉडीकडे जातो, त्यामुळे ब्लॉक बॉडीपेक्षा काही दशांश व्होल्ट वर असतो. इंजिनावर अर्थ घेतलेले सेन्सर तेव्हा ईसीएमला जास्त सिग्नल दाखवतात. मॅपचा सिग्नल वाढला म्हणजे ईसीएमला वाटतं लोड जास्त आहे. कूलंटचा वाढला म्हणजे इंजिन आहे त्यापेक्षा थंड आहे असं वाटतं, कारण या सेन्सरचा रोध गरम झाल्यावर कमी होतो, २० अंशांना साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. दोन्हींचा परिणाम एकच, पेट्रोल जास्त सोडलं जातं. प्लग ओले होतात, गरम इंजिन लवकर उचलत नाही.

इंजिन चालू झालं की दिशा उलटते. आता करंट अल्टरनेटरचा. तो हेडलाइट, फॅन, ब्लोअर यांतून बॉडीवर येतो आणि बॉडीवरून पट्टीमार्गे परत अल्टरनेटरच्या अंगावर, म्हणजे ब्लॉकवर जातो. ब्लॉक बॉडीपेक्षा खाली जातो आणि तेच सेन्सर आता कमी सिग्नल दाखवतात. मिश्रण पातळ होतं, आयडलिंग डगमगतं, लाइट लावून सिग्नलला थांबलं की इंजिन बसतं. थ्रॉटलचा सिग्नल खालच्या मर्यादेखाली गेला की त्याचा कोड, मॅपचा आकडा पटला नाही की मॅपचा. कोणत्या क्षणी किती लोड चालू होतं त्यावर कोणाचं नाव येईल ते ठरतं. सेन्सर बिचारे सगळे चांगले.

त्या गाडीला लागलं ते एवढंच: सेन्सरचे अर्थ हेडवरून काढून ईसीएमच्या त्यांच्या पिनेवर परत नेले, ईसीएमचे पॉवर अर्थ फायरवॉलवरून काढून इंजिनावर आणले. पिशवीतले जुने सेन्सर परत लावून पाहिले, त्यांवरही गाडी तशीच चालली.

अर्थ कसा असावा

बॅटरीच्या मायनसपासून निदान २५ स्क्वेअर एमएमची केबल थेट इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला, सेल्फच्या जितकी जवळ जाईल तितकं चांगलं. इंजिनापासून चेसिसला वेगळी पट्टी. आणि चेसिसपासून बॉडीला तिसरी. ही तिसरी हमखास विसरली जाते. जिप्सी शिडीच्या चेसिसवर बसलेली गाडी आहे, इंजिनही रबरवर आणि बॉडीही रबरवर. पट्टी नसेल तर करंट स्वतःचा रस्ता शोधतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, ईसीएमची बारीक अर्थ वायर. अ‍ॅक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना हाताला गरम लागली किंवा तिचं आतलं प्लास्टिक वितळून जड झाली, तर इंजिनाचा अर्थ तुटलेला आहे असं सरळ समजा.

ईसीएमचे पॉवर अर्थ इंजिनावरच. इंजेक्टर आणि कॉइल यांचा करंट ईसीएममधून याच वायरींनी बाहेर पडतो, म्हणून त्या बारीक करू नका आणि एकातच जोडू नका. जितक्या पिना तितक्या वायरी शेवटच्या लगपर्यंत वेगळ्या न्या. सेन्सरचा अर्थ मात्र फक्त ईसीएमच्या सेन्सर अर्थच्या पिनेवर. त्याला गाडीच्या पत्र्याचा स्पर्श कुठेही नको.

लग बसवायची जागा आधी पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. हा क्रम महत्त्वाचा. चेसिसला नवीन पावडर कोटिंग करून घेतलेल्या गाड्यांत हा दोष सर्रास सापडतो, कारण पावडर कोटिंग दिसायला कितीही सुंदर असलं तरी करंटसाठी ती भिंत आहे.

अर्थ ठीक निघाला, तरी बंद पडते

मग प्लसची बाजू. सगळ्यात आधी सेल्फ मारताना ईसीएमला करंट राहतो का ते बघा. इग्निशन स्विचच्या मागे चावीच्या 'ऑन'ला जिवंत होणाऱ्या वायरी एकापेक्षा जास्त असू शकतात. त्यांतली एक सेल्फ मारतानाही जिवंत राहते, दुसरी सेल्फच्या वेळी कापली जाते, म्हणजे वायपर-ब्लोअरचा भार बॅटरीवरून उतरतो. घाईत ईसीएम दुसरीवर जोडला की लक्षण अगदी ओळखीचं: सेल्फ फिरतोय तोवर इंजिन उचलत नाही, आणि चावी सोडल्या क्षणी एकदम पकडतं. कधी पकडतं, कधी नाही. बॅटरी नवी असते तेव्हा इंजिन झोकावर पकडतं, थंडीत पकडत नाही, म्हणून महिनोन् महिने कळतही नाही. टेस्ट लॅम्प त्या वायरीवर लावून सेल्फ मारा. दिवा विझला तर वायर चुकीची आहे. दिवा मंद झाला तर मीटर लावा. सेल्फ फिरताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या वर असताना ईसीएमच्या पिनेवर आठ येत असतील, तर मधला दीड व्होल्ट स्विच किंवा त्याचा कपलर खातोय.

वीस-पंचवीस वर्षांच्या इग्निशन स्विचमधून ईसीएम, कॉइल, इंजेक्टर, पंप असा सगळा करंट नेणं बरोबर नाहीच. स्विचने फक्त मेन रिलेची कॉइल ओढावी. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून थेट वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, आणि ८७ वरून इंजिनाचा सप्लाय. पंपाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज. आत डायोड असलेला रिले वापरत असाल तर कॉइलच्या ८५ आणि ८६ या पिना उलटसुलट चालत नाहीत. उलट लावलात की डायोडमधून सरळ शॉर्ट होतो आणि मेन रिले ईसीएम ओढत असेल तर ईसीएमच्या आतलं आउटपुट जाऊ शकतं.

एक बारकावा जो फार जणांना माहीत नसतो. इंजेक्टर उघडायला थोडा वेळ घेतो, व्होल्टेज कमी असेल तर जास्त वेळ घेतो. ईसीएमला हे ठाऊक असतं, तो स्वतःच्या पिनेवरचं व्होल्टेज बघून तेवढी भर घालतो. आता ईसीएमला नवी जाड वायर दिली आणि इंजेक्टरला जुन्या कॉइलची बारीक वायर, तर ईसीएमला दिसतात १३.८ आणि इंजेक्टरला मिळतात १२.५. भर कमी पडते, मिश्रण पातळ होतं, आयडलला मिसिंग मारते. ईसीएम आणि इंजेक्टर यांचा सप्लाय एकाच रिलेच्या एकाच पिनेवरून निघायला हवा.

पंपाची तपासणी कानाने होते. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे आणि सेल्फ फिरला की परत सुरू व्हायला हवा. तो सतत चालत असेल तर कुणीतरी तो थेट चावीवर जोडला आहे. ते मला अजिबात मान्य नाही. गाडी उलटली, इंजिन थांबलं, तरी पंप पेट्रोल ढकलत राहतो. ऑफरोडला जाणाऱ्या गाडीत हे दिसलं तर बाकीचं नंतर, आधी पंप ईसीएमच्या ताब्यात द्या.

टॅकोचा काटा उडतो आणि बंद पडते

बंद पडायच्या क्षणी आरपीएमचा काटा झपकन शून्यावर येत असेल, इंजिन अजून फिरत असतानाच, तर क्रँक किंवा कॅम सेन्सरचा, म्हणजे इंजिन किती फिरलं ते ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल तुटतोय. काटा इंजिनासोबत हळूहळू खाली येत असेल तर शोध पेट्रोलकडे किंवा कॉइलच्या सप्लायकडे वळवा. हा फरक बघायला शेजारी एक माणूस बसवा, त्याची नजर फक्त काट्यावर.

यांतला दोन वायरींचा सेन्सर स्वतः सिग्नल तयार करतो, आणि सेल्फच्या गतीला तो फारच कमी असतो. त्याच्या वायरी एकमेकींना पिळलेल्या, वरून जाळीचं आवरण. जाळीचं फक्त ईसीएमकडचं टोक अर्थला, सेन्सरकडचं मोकळं. दोन्हीकडे जोडलीत तर वर सांगितलेला इंजिन आणि बॉडीमधला फरक जाळीतूनच वाहू लागतो. या दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी इंजिन कित्येकदा चालू होतं, पण टायमिंग भरकटतं आणि वरच्या आरपीएमला झटके मारतं. प्लगच्या केबलपासून आणि अल्टरनेटरच्या जाड वायरीपासून हा फाटा वीतभर लांब न्या. ओलांडायलाच लागलं तर काटकोनात ओलांडा.

जॉइंट

खड्ड्यात किंवा वळणावरच बंद पडते, नाहीतर पावसातच पडते, तर जॉइंट शोधायचा. इंजिन आयडलला ठेवून हार्नेस वीत-वीत करत हलवत जा. गरम झाल्यावरच होत असेल तर हेअर ड्रायरने एकेक कपलर तापवा. पावसाचं असेल तर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारा, पण एका वेळी एकाच ठिकाणी.

पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जॉइंट उघडून बघा. पट्टीचा गोंद उष्णतेने पाघळून काळा झालेला असतो, त्यात धूळ, आणि आतलं तांबं लालसर राहिलेलं नसतं, काळपट-हिरवं झालेलं असतं. नखाने खरवडलं तर पूड निघते. ही हिरवट पूड जॉइंटपाशी थांबत नाही, तारांच्या मधून कातड्याच्या आत वीत-दीड वीत चढते. म्हणून नुसता जॉइंट कापून नवा करून उपयोग नसतो, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत मागे जायचं.

सोल्डर की क्रिम्प (स्लीव्ह चेपून केलेला जॉइंट), यावर कारखान्याचं उत्तर क्रिम्प आहे आणि माझंही तेच. सोल्डर तारांमध्ये शोषलं जातं, तिथे वायर सळईसारखी कडक होते, आणि कडक भाग जिथे संपतो तिथे इंजिनाच्या कंपनाने एकेक तार तुटत जाते. बाहेरून वायर अखंड दिसते. योग्य मापाची उघडी स्लीव्ह, तिला बसणारा क्रिम्पिंग पाना, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक. पक्कडीने चेपलेला लग हा क्रिम्प नव्हे. क्रिम्प करून हाताने चांगला हिसका द्या. निघून आला तर रस्त्यावरही निघणारच होता. सगळे जॉइंट एकाच जागी येऊ देऊ नका, दोन-दोन इंच मागेपुढे ठेवा, नाहीतर हार्नेसमध्ये गाठ होते आणि तीच गाठ कुठेतरी घासते.

वायर घरगुती फिटिंगची नको. तिचं कातडं साधारण ७० अंशांचं असतं, बोनेटखाली एक्झॉस्टजवळ ते टिकत नाही. वाहनासाठीची एफएलआरवाय-बी प्रकारची १०५ अंशांची बारीक कातड्याची वायर मागा, पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. सेन्सरला ०.५ किंवा ०.७५ स्क्वेअर एमएम पुरते, पंपाला आणि मेन सप्लायला अडीच.

आणि हार्नेस फायरवॉलमधून आत जातो तिथे भोकाच्या आधी त्याला खाली झोल द्या. कोकणातल्या पावसात पाणी वायरीवरून घरंगळत येतं. झोल असेल तर ते तिथूनच खाली गळतं, नसेल तर थेट ईसीएमच्या कपलरमध्ये जातं.

चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही

हे उलटं लक्षण, पण त्याच घरचं. अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याची वायर इंजिन चालू असताना जिवंत असते. ती दिव्यातून उलटी येऊन मेन रिलेची कॉइल धरून ठेवते. दिव्याच्या वायरीत एक अँपिअरचा साधा डायोड घाला, पट्टा असलेलं टोक अल्टरनेटरकडे. दिवाच काढून टाकणं हा उपाय नाही. दिव्यातून जाणाऱ्या करंटनेच अल्टरनेटर जागा होतो, तो नसेल तर रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

वायरिंगसारखं दिसतं, पण वायरिंग नसतं

घाट चढतानाच, टाकी अर्ध्याखाली असतानाच बंद पडत असेल तर पंपाकडे बघा. कार्बोरेटरच्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नसते. चढावर पेट्रोल मागे जातं, पंप हवा ओढतो, आणि कार्बोरेटरसारखा दोन मिनिटांचा साठा एमपीएफआयकडे नसतो. इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलवर प्रेशर गेज लावून घाट चढून बघा, अडीच ते तीन बारच्या आसपास काटा स्थिर राहायला हवा.

वेगात येऊन क्लच दाबून थांबतानाच बंद पडत असेल तर गाडीच्या वेगाचा सिग्नल ईसीएमला मिळतोय का ते पाहा. जुन्या किंगचं मीटर नुसतं केबलचं असतं, ती वायर मोकळीच राहून जाते. ईसीएमला गाडी थांबतेय हे कळत नाही, आयडल सांभाळायला तो उशीर करतो. सिग्नल देणारं मीटर किंवा केबलमध्ये बसणारा सेन्सर लावावा लागतो.

चालू होऊन दोन सेकंदांत बंद, दर वेळी नेमकं तसंच, आणि डॅशबोर्डवर दिवा मिचमिचतो: इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा. ज्या गाडीचा ईसीएम त्याच गाडीचा इमोबिलायझरचा डबा आणि चावी सोबत लागते. कुर्ल्याच्या बाजारातून इंजिन घेताना हे तिन्ही एकत्र मागून घ्या, नंतर जुळवत बसणं महाग पडतं. त्याच वेळी इंजिनाची कागदपत्रंही घ्या, कारण इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी, आणि विम्याच्या वेळी तीच विचारली जाते.

दोष सापडून दुरुस्त झाला की हार्नेस लगेच टेपने बंद करू नका. नुसत्या टायने बांधून काही दिवस चालवा, एखादा घाट, एखादी ओली रात्र होऊ द्या. मग गरम इंजिनावर, सगळे लाइट लावून अर्थचे तेच आकडे पुन्हा घ्या: सेल्फ मारताना ब्लॉक, चालू असताना ईसीएमची प्रत्येक अर्थ पिन, थ्रॉटल सेन्सरचा अर्थ. आकडे तारखेसह कायमच्या मार्करने बोनेटच्या आतल्या बाजूला लिहा. त्यानंतर कापडी टेप गुंडाळा, उष्णतेजवळ वरून करूगेटेड पाइप. पुढच्या पावसाळ्यानंतर एकदा मोजायचं. ब्लॉकचा आकडा ०.१५ वरून ०.४ वर गेलेला दिसला तर गाडी बंद पडायची वाट न बघता पट्टीचे बोल्ट उघडून घासायचे.